बिब्ब्याचे डाग

“हे कुणी केलं?” डॉक्टर जयमालाबाईंनी फ्रॉक वर धरून विचारलं.

तपासणीच्या टेबलावर बसवलेल्या चार वर्षांच्या सईच्या बेंबीभोवती काळपट डागांचं कडं उमटलं होतं. त्यातले दोन फुटून ओले झाले होते.

“मीच केलंय,” तिची आजी गोजरा म्हणाली. “बिब्बा घातलाय. उतला जरा.”

उलव्यात टॉवर नव्हते, खाडीकाठी मिठागरं होती, तेव्हा घराघरांत फळीवरच्या डब्यात बिब्बा असायचा. पोट दुखलं, नजर लागली, मूल दचकलं, की बिब्ब्यात सुई खुपसून तो दिव्यावर धरायचा आणि त्याच्या तेलाचे ठिपके अंगावर द्यायचे. जयमालाबाईंना त्यांच्या आईनंही दिले होते. पण त्याला जमाना लोटला होता. इतक्या वर्षांच्या डॉक्टरकीत बिब्ब्याचं नाव सांगून लपवलेलं बरंच काही त्यांनी पाहिलं होतं.

“कशासाठी घातला?”

“पोर रातची दचकून उटते. हातरून ओलं करते. आदी नव्हती करत. मधीच कोपऱ्यात जाते नि भितीकडं तोंड करून, कान धरून उबी राते. म्हनलं, नजर हाय.”

“कोपऱ्यात कोण उभं करतं तिला?”

“कोनी नाय, डॉक्टरीनबाय. आपनहूनच.”

“चार वर्षांची मुलगी आपणहून कान धरते?”

जयमालाबाईंनी सईला कोपऱ्याजवळच्या वजनकाट्यावर उभं केलं आणि परत टेबलावर बसवलं.

“वजनही उतरलंय. घरी जेवत नाही का?”

“जेवते की. घरी आली का ताटावर तुटून पडते.”

जयमालाबाईंनी सईचा फ्रॉक नीट केला.

डाग पहिल्यांदा पाहिले ते भाविकानं. सईचे आईवडील दिवसभर नोकरीवर, म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत सई भाविकाच्या पाळणाघरात असायची. आज फ्रॉक बदलताना डाग दिसले, तशी आजी न्यायला येताच भाविकानं दोघींना रिक्षात घालून इथे आणलं होतं.

“मला तर टेन्शनच आलं, मॅडम,” बाहेर बसण्याआधी ती हलक्या आवाजात म्हणाली होती. “आमच्याकडची सगळ्यात शहाणी मुलगी. बसवली तिथे बसते, हूं की चूं नाही. तिच्याबरोबर असं व्हावं?”

जयमालाबाईंनी बशीतलं एक बिस्किट सईच्या हातात दिलं. सईनं ते मुठीत धरलं आणि दाराकडे पाहिलं.

दाराजवळच्या खुर्चीत आजी बसली होती. दाराच्या काचेपलीकडे भाविकाची पिवळी ओढणी दिसत होती.

मूल उत्तर देण्याआधी कुणाकडे बघतं, तिकडे लक्ष ठेवा, असं जयमालाबाई शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगत.

“आजी, तुम्ही जरा बाहेर बसा.”

“म्हंजे, माज्याशिवाय?”

“थोडा वेळच.”

गोजरा पदर सावरत बाहेर गेली. सई अजून दाराकडेच बघत होती.

“खा ना, बाळा.”

“आवाज येतो,” सई पुटपुटली.

“कसला?”

“बिस्किटाचा.”

“मग कोण रागावतं? आजी?”

सईनं ओठ घट्ट मिटले. पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं.

जयमालाबाईंनी चाइल्डलाइनला फोन केला. घरी चौकशीला उद्या माणसं येतील, असं तिकडून सांगण्यात आलं. मग त्यांनी सईच्या आईला, सुचिताला, फोन लावला. ती विमानतळावर ड्यूटीवर होती.

“सासूबाई असं करतील, वाटत नाही हो,” सगळं ऐकून ती म्हणाली.

“मलाही वाटलं नसतं. पण आज मुलगी त्यांच्याबरोबर जायला नको.”

“मला रात्रीशिवाय सुटता येणार नाही. सईचे पप्पा पण उरणला कंटेनर घेऊन गेलेत.” सुचिता रडत होती. “तोवर भाविकाताईंकडे राहू दे. तिथे सेफ आहे ती.”

जयमालाबाईंनाही ते पटलं. त्यांनी आधी आजीला आत बोलावलं.

“सई आज तुमच्याबरोबर येणार नाही.”

गोजरानं हात जोडले.

“बिब्बा पुन्यांदा नाय घालनार,” ती म्हणाली. “तुमच्या पाया पडते. पन पोर द्या. माज्या कुशीतच झोपते ती. दुसरीकडं डोला लागनार नाय तिचा.”

“दचकून उठते म्हणालात ना? तुमच्याच कुशीत?”

गोजरानं डोळ्यांना पदर लावला. सईनं टेबलावरून हात पुढे केला आणि आजीच्या पदराचं टोक धरलं. मारणाऱ्यालाही मुलं बिलगतात. तेही जयमालाबाईंनी पुष्कळदा पाहिलं होतं. त्यांनी ते टोक सईच्या बोटांतून हळूच सोडवलं आणि दार उघडलं.

“भाविकाताई, आत या. आज सई तुमच्याकडे राहील.”

भाविका हसत आत आली. “चल गं माझी शहाणी.”

सई टेबलावरून खाली उतरली. मुठीतलं बिस्किट तिनं परत बशीत ठेवलं. वजनकाट्यामागच्या कोपऱ्यात ती चालत गेली, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही कान धरून उभी राहिली.