पुरा चेहरा

प्रशिकनं सदर भागातल्या मोबाईलच्या दुकानातला सगळ्यात मोठा फोन आईच्या हातात ठेवला आणि सिंधूताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. फोन कसला, पोळपाटच तो. एका हातात धरला तर अंगठा पलीकडच्या कडेला पोचेना.

"लहान नाही का?" त्यांनी विचारलं.

लहान होता की. काचेच्या कपाटात, खालच्या खणात, बटव्यात सहज मावेल असा. तसलाच पाहिजे म्हणून त्या घरून सांगून निघाल्या होत्या. पण प्रशिक त्याच्याकडे ढुंकूनही बघेना. मोठ्या स्क्रीनवर अक्षरं मोठी दिसतात, डोळ्यांना त्रास होत नाही, असं काहीबाही सांगत सुटला. आता मागच्या उन्हाळ्यात मोतीबिंदू काढल्यापासून सिंधूताई सुईत दोरा एका झटक्यात ओवत होत्या, आणि ऑपरेशनला त्यांना घेऊन गेलेला हाच पठ्ठ्या. मग आजच आईच्या डोळ्यांची एवढी काळजी कुठून उपटली? कुठंतरी पाणी मुरत होतं.

बरं, पोरगं काही उधळ्या हाताचं नाही. त्याच्या स्वतःच्या फोनची काच कधीची तडकलेली, तिला चिकटपट्टी लावून गडी काम भागवत होता. असा माणूस आईसाठी दुकानातला सगळ्यात मोठा फोन मागतो, तेव्हा आईनं खूश व्हायचं की सावध?

सिंधूताई राहतात हुडकेश्वरला, आणि त्यांच्या गल्लीतल्या बायकांचा एक ठोकताळा आहे. ज्या घरात मोठा फोन आला, त्या घरातलं लेकरू गेलं म्हणून समजा. रंभाबाईंच्या रोहितनं दिवाळीत आईला ताटाएवढा फोन आणला, तेव्हा रंभाबाई तो गल्लीभर दाखवत हिंडल्या. संक्रांतीला रोहित कॅनडात. आता रंभाबाई फोन चहापत्तीच्या डब्याला टेकवून ठेवतात आणि त्याच्यासमोर बसून जेवतात. वरण उडालं की पदरानं लेकाचं तोंड पुसतात. समोर राहणाऱ्या भावनानं तर आपल्या मुलाला बजावूनच ठेवलंय की आणशील तर बटणाचा आण.

म्हणून सिंधूताई आता फोनकडे नाही, पोराकडे बघत होत्या. घरात ती दोघंच. तिसरं कोणी नाही. पोरगं मात्र दुकानदाराकडे बघत होतं.

दुकानदारानं स्टँड देऊ का म्हणून विचारलं, तर हा लगेच हो म्हणाला. घरी वायफायही बसवून घेऊ म्हणाला. कालपर्यंत पंखा चालू राहिला तरी ओरडणारा हा माणूस.

"काकू, व्हिडिओ कॉलमधे पुरा चेहरा दिसते," दुकानदार म्हणाला. "मानूस समोर बसून राहिला असंच वाटते."

"कोनाचा चेहरा?" सिंधूताईंनी विचारलं.

दुकानदार हसला. प्रशिक हसला नाही. थांब, दाखवतो, असं म्हणून त्यानं मोठ्या फोनात दुकानदाराचं सिम घालून घेतलं आणि आपला तडकलेला फोन घेऊन तो दुकानाबाहेर गेला.

सिंधूताईंच्या हातातला फोन वाजला. दुकानदारानं त्यावर बोट फिरवलं आणि अख्खा प्रशिक काचेवर उतरला. हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण, दाढी करताना कानाशी राहून गेलेले केस, सगळं. तो स्वतःच्या हातानं जेवायला लागल्यापासून एवढ्या जवळून त्यांनी त्याला पाहिलंच नव्हतं. त्यांनी मान वर केली. दाराच्या काचेपलीकडे, ऑटो आणि स्कूट्यांच्या मधे, तोच प्रशिक बोटाएवढा उभा होता.

"दिसून राहिलो का, आई?"

"दिसून राहिला."

तो हसत होता. पण एवढ्या मोठ्या काचेवर नुसतं हसणं दिसत नाही, डोळेही दिसतात. ते भरून आले होते. दुकानात आईच्या बाजूला उभं असताना त्यानं ते बरोबर लपवले होते.

"कवा जाचं हाय?" सिंधूताईंनी फोनलाच विचारलं.

काचेवरच्या प्रशिकनं बाहीनं डोळे पुसले. मागं एक ऑटो भोंगा वाजवत गेला.

"पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. "जर्मनीले. घरी गेल्यावर सांगनारच होतो तुले."

दुकानदाराला अचानक मागच्या कपाटात काहीतरी काम निघालं. प्रशिक आत आला आणि खाली मान घालून उभा राहिला. सिंधूताईंना रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग. राग त्याच्या जाण्याचा नव्हता. त्याला शिकवला तो काय गल्लीत बसवून ठेवायला? राग याचा होता की आधी फोन आणि मग बातमी. लहानपणी इंजेक्शन द्यायच्या आधी त्या त्याच्या हातात बिस्किट ठेवायच्या. तीच विद्या आज त्यानं त्यांच्यावर चालवली होती.

त्यांनी मोठा फोन काउंटरवर ठेवला आणि दोन बोटांनी पलीकडे सरकवला.

"हा नोको. तो बारका द्या."

"आई, त्यात मी बराबर दिसनार नाही."

"मालूम हाय मले." सिंधूताईंनी बटव्याचं तोंड उघडून धरलं. "बराबर दिसाचंच नाही तू. फोनातच भेटून पोट भरलं, त मंग घरी येशीन काहून?"