पिठावरचं पाऊल

पिठावर माणसाचं पाऊल उमटलं होतं. अंगठ्यापुढं ओढलेली रेघ.

शामू दोन पावलं मागं सरला. बाप मेला की रीतीप्रमाणं रात्री दिवा ठेवायचा, भोवती पीठ पसरायचं. मेलेला ज्या जन्माला जातो त्याचं पाऊल त्यात उमटतं. गाईचं उमटू दे, चिमणीचं उमटू दे, असं तो देवाला विनवत होता. उमटलं ते बापाचंच.

बापाची, भावकूची, ती रेघ अख्खं गाव ओळखायचं. महारोगानं पायाची नस मेलीय, असं चिकोडीच्या डॉक्टरनं सांगितलेलं. पंजा लोंबायचा. म्हणून म्हातारा गुडघा उंच उचलायचा, पाऊल फटकन आपटायचा, तरी अंगठा धुळीत रेघ ओढायचाच. गावानं बजावलं, म्हातारा बाहेर काढ, न्हायतर घर वाळीत. शामूनं काळजावर दगड ठेवला आणि बापाला शेतात, प्लेगच्या साली बांधलेल्या खोपीत नेऊन टाकलं. म्हातारा हाका मारायचा. शामू बांधावर भाकरी ठेवून मागं न बघता परतायचा.

आता म्हातारा घरात शिरला होता. तळतळाट म्हणतात तो आणखी काय वेगळा असतो?

कालपासून शामूला भान नव्हतंच. बापाला माती देऊन परतताना एक वहाण ओढ्याच्या चिखलात राहिली, हे घरी आल्यावर कळलं. दुःखात असं व्हतंय, म्हणून भावकीनं समजूत घातली.

त्याची बायको जयाबाई पाऊल बघायला खाली वाकली. मग रात्री कोण उठलं होतं का, असं तिनं हळूच विचारलं.

"मीच. दिव्यात तेल घालाय," शामू म्हणाला. "पर पिठात पाय न्हाई दिला. माझा पाय मला कळंना व्हय?"

म्हातारा खोपीतनंच येतोय, हे त्याच्या मनानं घेतलं. ठिकाणाच राहिला नाही तर येईल कशाला? आजच खोपीला काडी लावायची. त्यानं कोनाड्यातली आगपेटी घेतली आणि दाराकडं निघाला. सारवलेल्या जमिनीवर फट् वाजलं.

जयाबाईनं हात धरून त्याला उंबऱ्यावर बसवलं. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला पीठ चिकटलं होतं. शेजारी दिव्याच्या चटक्यानं टम्म फोड आला होता. तिनं त्यावर बोट दाबलं.

"दुखतंय?"

"काय?" शामूनं विचारलं.

त्याच्या हातातली आगपेटी तिनं काढून घेतली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "खोप जाळू नगासा."