चौघांचे वडील

"वाक्यं चोरलीत ती चोरलीत, वडीलसुद्धा चोरलेत?"

मोठ्या बाईंनी चार कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि चष्मा कपाळावर सरकवला. समोर विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या. बाजूच्या खुर्चीत पर्यवेक्षक सर बसले होते आणि गंभीर चेहरा करून स्वतःचं पेन न्याहाळत होते.

शाळेने यंदा फर्मानच काढलं होतं. प्रत्येक शिक्षकाने वर्षात किती पुस्तकं वाचणार ते लिहून द्यायचं आणि वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर एक पान लिहून फायलीत लावायचं. बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. विज्ञानाच्या बाईंना मात्र हसू आलं, कारण कुणी न सांगता त्या हे सहा वर्षं करत होत्या. आठवड्याला चौतीस तास, वर्ग सांभाळायचा, वर प्रयोगशाळा, वर ती मेली ऑनलाइन माहिती भरायची. तरी वर्षाला बारा पुस्तकं हा त्यांचा हट्ट. शाळा सुटल्यावर बसच्या ड्यूटीला फाटकापाशी उभ्या उभ्या चार पानं, झेरॉक्सचं मशीन प्रश्नपत्रिका काढतंय तोवर दोन पानं. पुस्तक संपलं की वहीत तारीख घालून एक पान लिहायचं. यंदा नऊ झाली होती. नऊ म्हणजे काही चेष्टा नाही.

आठ झाली होती तेव्हा ती वही स्टाफरूमभर फिरली. "बाई, नमुन्याला द्या हो, लिहायचं कसं तेच कळेना," म्हणत आधी गणिताच्या सरांनी नेली. त्यांच्याकडून चित्रकलेच्या बाईंनी, त्यांच्याकडून पर्यवेक्षक सरांनी. पंधरा दिवसांनी परत आली. बाईंनी स्वतःची पानं दिली ती मुदतीच्या शेवटच्या दिवशी. नववं पुस्तक संपायचं होतं ना!

आता मोठ्या बाई बोट ठेवून मोठ्याने वाचत होत्या. "'यातला बाप जेवताना एक शब्द बोलत नाही. माझे वडीलही असेच. त्यांचा शेवटचा घास संपेपर्यंत घरात फक्त भांड्यांचा आवाज.' हे गणिताच्या सरांचं. चित्रकलेच्या बाईंचंही हेच. पर्यवेक्षकांचंही हेच. चौथं तुमचं. त्या तिघांनी सहामाहीलाच दिलंय. तुमचं आलं काल."

"मॅडम, ते माझे वडील आहेत. या तिघांनी माझ्या वहीतून उतरवलंय. वहीत तारखा आहेत, दाखवते."

"तारखा काय हो, कुणीही घालतं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्याविषयी त्यांनी आयुष्यात लिहिलेल्या त्या तीनच ओळी होत्या. त्या पर्यवेक्षक सरांकडे वळल्या.

"सर, तुमचे वडील जेवताना बोलत नसत?"

सरांनी पेनाला टोपण लावलं. "त्या काळी कुणाचे बोलायचे?"

काय हा साळसूदपणा! हसावं की फाईल उचलून डोक्यात घालावी, बाईंना कळेना. मोठ्या बाईंनाही सरांच्या उत्तराचं हसू आलं असावं, कारण त्या घाईने पाणी प्यायल्या. मग आवाज खाली आणला.

"हे बघा बाई, मी काही आंधळी नाही. पण या तिघांची यादी संस्थेकडे कधीच गेली. पंचवीस पुस्तकं वाचली म्हणून या सरांचा सत्कारसुद्धा झाला. आता मी तिथे कुठल्या तोंडाने सांगू? आणि तुमच्या कायम होण्याचा कागद याच आठवड्यात पाठवायचाय. त्यात मला कसलंही झेंगट नको. दोन ओळींचा खुलासा द्या. सहकाऱ्यांच्या नोंदी पाहून लिहिलं, पुन्हा असं होणार नाही. सारखी निघालेली आठ पुस्तकं रद्द करू, नववं तेवढं धरू. विषय संपला."

सात वर्षं दर वर्षी नवा हंगामी कागद घेऊन बाई याच टेबलासमोर उभ्या राहिल्या होत्या. त्या बसल्या. कोरा कागद पुढे ओढला आणि दोन ओळी लिहिल्या.

मोठ्या बाईंनी वाचल्या. "वडिलांचंही लिहा ना. उद्या कुणी फाईल उघडली तर आधी तेच डोळ्यांत भरेल."

बाईंचा हात थांबला. तास बदलल्याची घंटा झाली. वरच्या मजल्यावर त्यांचा वर्ग शिक्षकाविना गोंधळ घालायला लागला, तो इथवर ऐकू येत होता. सर उठून उभे राहिले, पण गेले नाहीत. बाईंनी तिसरी ओळ लिहिली.

'त्यात उल्लेख केलेले वडील माझे नाहीत.'

खाली सही केली, तारीख घातली, कागद पुढे सरकवला. रडायचं नाही, निदान या माणसासमोर तरी नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

"झालं, सुटलात," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी खणातून दुसरा फॉर्म काढला. "आता पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट सांगा, इथेच भरून टाकते. बाराच ना?"

"पंचवीस."

"अहो, तुमची बारा होत नाहीत, पंचवीस कशी जमणार?"

"वाचायची नसली की जमतात," बाई म्हणाल्या.