दुरुस्त केलेले खिरे

बायको गेल्यापासून खिरे प्रथमच इस्त्रीचा शर्ट घालून बागेत कुणाला तरी भेटायला आले होते.

"अगंबाई, तुम्ही मूळचे खिरे होय?" दामलेबाई ओशाळल्या. "ते मैत्रीचं अ‍ॅप सगळ्यांना खुलं ना! मिरजेच्या कुणीतरी त्यावरून तुमचा स्वभाव उतरवून घेऊन दुरुस्त केला, न् फोनमध्ये बोलणारे नवे खिरे बनवले. मी रोज त्या खिऱ्यांशी बोलते. ते मधेच तोडत नाहीत हो. परवाच मी..."

"पण मी कुठे..."

"बघा, तोडलंत!"

"एक संधी द्या," खिरे अजिजीने म्हणाले.

"त्यांनाच विचारते."

फोनमधल्या खिऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "द्या की. एकटे आहेत बिचारे," ते इतक्या मायेने म्हणाले, की दामलेबाईंनी भरल्या डोळ्यांनी फोनच छातीशी धरला.

खिरे उठले. फोनमधला माणूस त्यांनाही आवडला होता.