एकाच वाचकाच्या दोन नोंदी

ग्रंथालयाच्या जुन्या संगणकातील नऊ हजार वाचकांची माहिती नव्या प्रणालीत सुखरूप उतरली. काम अडले ते केवळ एका ठिकाणी. दोन नोंदींतली आद्याक्षरे एक, आडनाव एक, पत्ता एक आणि चौदा वर्षांत नेलेली पुस्तकेही तीच. कधी एकाने आधी नेलेली, कधी दुसऱ्याने. ‘हा एकच वाचक दिसतो. नोंदी एकत्र करायच्या?’ असे प्रणाली विचारत होती.

संगणकतज्ज्ञ बाईंचे कुतूहल चाळवले. त्यांनी ग्रंथपालांना विचारले, “काका, हा माणूस प्रत्येक पुस्तक दोनदा का नेतो?”

“एक नाही हो, सख्खे भाऊ आहेत. एक वर राहतो, एक खाली. चौदा वर्षं एकमेकांशी अवाक्षर नाही.”

“मग पुस्तकं तीच कशी?”

“जो येतो तो इकडेतिकडे बघून मला हळूच विचारतो, ‘त्यानं नवीन काय वाचलं?’ आणि तेच घेऊन जातो.”

बाईंना हसू आले. त्यांचा हात ‘नाही’ या बटणाकडे वळला.

“थांबा,” चष्मा पुसत ग्रंथपाल म्हणाले, “एकत्रच करा. एका कार्डावर एकच पुस्तक मिळतं. यापुढे कुठलं न्यायचं, ते एकमेकांनाच विचारू देत.”