अण्णांची शेवटची इच्छा

घाटावर पिंड मांडून तास झाला, तरी कावळा शिवेना.

"इच्छा राहिलीय काहीतरी," गुरुजी म्हणाले.

पूर्वी ती ओळखावी लागे. आता शर्वाणीच्या हातातल्या फोनमधून मेलेले अण्णा स्वतःच सांगत होते, "पोरी, बंद कर ना मला."

बंद करायच्या परवानगीसाठी तिने सरकारी कचेऱ्यांत काय कमी खेटे घातले होते? राज्य म्हणालं, स्मशान आमचं, देह खुशाल जाळा. पण मेंदूतून उतरवून ठेवलेला आवाज दळणवळणात मोडतो, तो केंद्राचा. केंद्र म्हणालं, मरण राज्याचं. आमच्याकडे आवाज चालू, म्हणजे माणूस जिवंत.

"करते बंद, अण्णा," तिने फोनसकट हात जोडून शब्द दिला. कावळा झपकन उतरला आणि पिंडाला शिवला.

"कावळा फसला गं," अण्णा म्हणाले. "माझा जन्म मंत्रालयात गेलाय."