बंदीच्या पट्ट्यात

नवरा वारल्यावर होडीवरचं सरकारी यंत्र परत करायला ती मासेमारी खात्यात आली. होडीची जागा खात्याला कळवणाऱ्या डबड्याला तो ‘चुगलखोर’ म्हणायचा. साहेबांनी पडद्यावर नकाशा उघडला. “राग मानू नका, काकू. माशांची पिल्लं वाढतात त्या बंदीच्या पट्ट्यात काका संध्याकाळी इंजिन बंद करून थांबायचे. चोरून जाळं टाकायचे ना?” उशीर का, विचारलं की तो हसण्यावारी न्यायचा. तिनं चष्मा पुसून नकाशा न्याहाळला. त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर त्यांचंच घर होतं. संध्याकाळी गच्चीवरचे कपडे काढताना ती समुद्राकडे पाठ करून गायची. त्यानं कितीदा गळ घातली, तरी त्याच्यासमोर तिनं कधी सूर लावला नव्हता. “एखादा दिवस चुकला का हो?” तिनं विचारलं. “एकही नाही, काकू. म्हणून तर नोटीस काढली.”